हायब्रिड गाईडवायरचे आवरण सुटले, त्याबाबत दुसरे पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
गाईडवायर उत्पादक कंपनी

विषय: ०.०३५ इंची, १५० सेंमी लांबीच्या हायब्रिड गाईडवायरचे आवरण शस्त्रक्रियेत सुटणे आणि त्यावर आपण दिलेले उत्तर

महोदय,

माझ्या पहिल्या पत्राला आपण दिलेले उत्तर मिळाले. ते वाचून समाधान होण्याऐवजी संताप झाला, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

काय घडले ते आधी सांगतो. रुग्णाच्या मूत्रवाहिनीत वरच्या भागात खडा रुतून बसला होता. सीलबंद पाकीट टेबलावरच उघडले, तुमची गाईडवायर, म्हणजे उपकरणांना वाट दाखवणारी बारीक तार, सलाईनने नीट भिजवली आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली प्लास्टिकच्या ओपन-एंड कॅथेटरमधून (टोक उघडे असलेल्या बारीक नळीतून) वर सरकवली. खड्याच्या कडेने ती किडनीत पोचली. इथवर तुमच्या वायरचे कौतुकच होते. मग तिच्यावरून फ्लेक्झिबल युरेटेरोस्कोप, म्हणजे वळणारी बारीक दुर्बीण, चढवायला घेतला, तर तो मध्येच अडला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी वायर आणि स्कोप दोन्ही एकत्र बाहेर काढावे लागले. पाहतो तर शर्टाची बाही वर सरकवावी तसे टोकाचे हायड्रोफिलिक, म्हणजे भिजल्यावर निसरडे होणारे, आवरण टोक आणि धड यांच्या जोडापाशी गोळा झाले होते आणि त्याची एक पट्टी गायब होती. ती मूत्रवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटलेली सापडली, चिमट्याने काढली. तोवर आतून सूज आली होती, रक्ताने दिसेनासे झाले होते आणि खड्यापलीकडची वाट बंद झाली होती. साध्या टेफ्लॉन आवरणाच्या वायरने दाद दिली नाही. बऱ्याच वेळाने दुसरी, पूर्ण हायड्रोफिलिक वायर कशीबशी वर गेली. मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी, म्हणजे डबल-जे स्टेंट, टाकून थांबलो. खडा तसाच राहिला. रुग्णाला पुन्हा भूल घ्यावी लागली ती यापायी.

आता तुमचे उत्तर. तुम्ही म्हणता, वायर धातूच्या सुईतून मागे ओढली असावी. सुईच्या धारेने हायड्रोफिलिक आवरण सोलले जाते हे खरे, आणि पीसीएनएलमध्ये, म्हणजे पाठीतून छिद्र पाडून खडा काढताना, किडनीत सुई घालताना आम्ही ते पाळतोही. पण ही शस्त्रक्रिया खालून, मूत्रमार्गातून झाली. टेबलावर सुईच नव्हती. माझे पत्र कोणी वाचले होते का, असा प्रश्न पडतो.

दुसरा मुद्दा जास्त बोचला. 'अशा केसमध्ये वेगळी सेफ्टी वायर ठेवणे अपेक्षित आहे,' असे तुम्ही लिहिलेत. तुमच्याच माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर काय आहे? 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वायर.' विकताना एक पुरते आणि तक्रार आली की दोन लागतात!

हा विषय तुमच्या विभागाला नवा असेल, म्हणून थोडे सांगतो. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये वायरवरून कॅथेटर सरकवण्याची रीत मांडली, तेव्हापासून वायर म्हणजे वाट. आम्ही शिकलो ते दोन वायरींवर: एक कामाची, एक जिवाची. वाट हातची गेली तर परतायला दुसरी असावी म्हणून. पुढे स्कोप बारीक झाले, ॲक्सेस शीथ, म्हणजे स्कोप ज्यांतून आत-बाहेर करायचा त्या नळ्या, आल्या, आणि अरुंद मूत्रवाहिनीत शेजारी पडलेली दुसरी वायर स्कोपलाच अडवते हे ध्यानात आले. कितीतरी साध्या केसेसमध्ये आज अनेक सर्जन सेफ्टी वायर ठेवत नाहीत. निसरडी हायड्रोफिलिक वायर तशीही आपोआप घसरून बाहेर येते, म्हणून तिच्यावर सेफ्टीचा भरवसा ठेवत नाहीत. ही उणीव भरून काढायलाच हायब्रिड आली: टोक निसरडे, धड निटिनॉल या न मुडपणाऱ्या मिश्रधातूचे, मागचे टोक मऊ म्हणजे स्कोपच्या चॅनेलला इजा होऊ नये. दोन वायरींचे काम एकीवर आले. मग तिचा जोड दुप्पट पक्का नको?

रुतलेल्या खड्याला मी जुन्या शिस्तीने दुसरी वायर ठेवायला हवी होती का? स्वतःला अनेकदा विचारले आहे. बहुधा हो. हा माझ्या निर्णयाचा भाग, तो मी रुग्णाला सांगितला आहे. आवरण सुटणे हा मात्र तुमच्या कारखान्याचा भाग आहे.

आणखी एक गोष्ट सिस्टरांच्या लक्षात आली. नव्या लॉटमधल्या वायरींचे निसरडे टोक आधीच्यापेक्षा आखूड आहे, पण कॅटलॉग क्रमांक तोच. तुमच्या प्रतिनिधींना विचारले तर 'किरकोळ बदल आहे सर' एवढेच उत्तर मिळाले. जोड कुठे येतो हे आम्ही बोटांनी ओळखतो. तो न सांगता हलवला तर किरकोळ कसा?

त्या लॉटची तपासणी करून लेखी अहवाल द्यावा, तोवर तो बाजारातून परत घ्यावा आणि टोकाची लांबी पाकिटावर छापावी. माहितीपत्रकातली ती ओळ काढा, किंवा सेफ्टी वायर कुठे लागते ते त्याच पानावर, त्याच टाइपात लिहा. वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाकडे मी घटनेची नोंद केली आहे.

सुटलेली पट्टी आणि वायर निर्जंतुक डबीत जपून ठेवली आहे. तपासणीसाठी तुमचा तंत्रज्ञ आला तर माझ्यासमोर पाहू शकेल. कुरिअरने पाठवणार नाही. त्या लॉटची उरलेली पाकिटे कुलपात आहेत.

आपला,
एक युरोलॉजिस्ट

सोबत: पाकिटावरील लेबलचे आणि सुटलेल्या आवरणाचे फोटो