बायबायिन सुलेखन प्रदर्शनासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

येत्या जूनमध्ये आपले सुलेखन मंडळ फिलिपिन्सच्या जुन्या बायबायिन लिपीतल्या २४ फलकांचे प्रदर्शन भरवत आहे. विषय : बाई आणि पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या तिथल्या माणसांचा इतिहास. देवनागरी गिरवणाऱ्यांनी तिकडे कशाला जायचे, असे काही सभासदांनीही विचारले. पण बायबायिन ब्राह्मीच्याच कुळातली. मूळ अक्षरे १७, व्यंजनात ‘अ’ धरलेला. डोक्यावर टिंब दिले की इ-ए, पायाशी दिले की उ-ओ.

अडले ते पाय मोडण्यापाशी. जुन्या बायबायिनमध्ये शेवटचे हलन्त व्यंजन लिहीतच नसत, वाचणारा समजून घेई. आम्हाला पहिला शब्द लिहायचा होता ‘असोग’. विसाया बेटांवर भूतपिशाच, दुखणीखुपणी पाहणाऱ्या बाबायलान बहुतेक बायका असत. बायकी पेहरावात राहून तेच काम करणारे पुरुष म्हणजे असोग. शेवटचा ‘ग्’ गळला की कागदावर उरते ‘असो’. टागालोग या तिथल्या भाषेत त्याचा अर्थ कुत्रा. आपल्याकडे... असो.

१६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या धर्मोपदेशकाने पाय मोडायला खूण आणली खरी, पण ती क्रूसाच्या आकाराची. त्याआधी १५८९ साली प्लासेन्सिया या पाद्र्याने अशाच ‘बायोगिन’ मंडळींना सैतानाच्या पुजाऱ्यांत मोजले होते. पुढे १६६३ मध्ये पनाय बेटावर बाईच्या वेषातल्या तापार या धार्मिक पुढाऱ्याचे बंड तेव्हाच्या स्पॅनिश राज्यकर्त्यांनी चिरडले. मग त्या शब्दाखाली क्रूस काढायचा? दोन दिवस वाद झाला. शेवटी दोन्ही तऱ्हांनी लिहिले, फलक शेजारी-शेजारी लागतील. टागालोगमधले ‘सिया’ हे सर्वनाम मात्र सहज उतरले. दोनच अक्षरे, अर्थ ‘तो’ही आणि ‘ती’ही.

कागद-शाई सभासदांनी पदरची घातली. चौकटींना प्रत्येकी १,२०० प्रमाणे २८,८०० रुपये आणि सभागृहाचे भाडे ९,००० रुपये लागतील. १४,००० जमले आहेत, २३,८०० हवेत. घरात १८ बाय २४ इंची जुन्या चौकटी पडून असतील तर त्याही चालतील. आणखी एक : बोटीवर नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांचे सोबती पुष्कळदा फिलिपिनो असतात. त्यांच्याकडून कुणी शब्दांचे उच्चार तपासून आणले, तर ती मदत पैशांहून मोठी.

देणगी खजिनदारांकडे ३१ मेपर्यंत द्यावी, पावती मिळेल. नाव फलकावर नको असेल तर तेवढे सांगा. कारण विचारणार नाही.

आपले,
कार्यकारिणी सदस्य