शनिवारच्या भरीत पार्टीबद्दल सूचना

राम राम मंडळी,

शनिवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या मळ्यात भरीत-पुरी आहेच, पण या वेळी सोबत पुण्याच्या छोट्या ब्रुअरींच्या बिअर चाखायच्या आहेत. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, पुढे इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट अशी नावं आली. आपल्याच राज्यातली ही माणसं मोठ्या कंपन्यांसमोर जीव ओतून काम करताहेत. त्यांच्या पाठीशी आपण गिऱ्हाईक म्हणून उभं राहायलाच हवं.

सुरुवात गव्हाच्या बिअरने, म्हणजे हेफेवायझनने करू. ग्लासात ओतली की पिकल्या केळ्याचा वास येतो. केळं त्यात अजिबात नसतं. आंबवताना यीस्टच तो वास तयार करतं. जळगावकराने हा वास एकदा तरी घ्यावाच! बाटली बहुतेक रिकामी झाली की उरलेली हलकेच फिरवा, तळाचा गाळ मिसळू द्या आणि मग ओता. कडवट आयपीए (इंडिया पेल एल, जास्त हॉप्स घातलेली बिअर) शेवटी. आधी घेतली तर जिभेला पुढचं काही कळत नाही. आणि चाखणं सगळं भरताच्या आधी, कारण हिरवी मिरची कुणालाच सोडत नाही.

एरवी विकत घेताना बाटलीवरची तारीख बघा. बिअर जुनी झाली की आयपीएतला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास उडतो. आपल्या दुकानदाराकडे या बिअर नावानिशी मागत राहा, मागणी दिसली तरच तो फ्रीजमध्ये जागा करेल.

दारू पिण्याचा परवाना सोबत असू द्या. गाडी चालवणाऱ्यांसाठी ताक आहे, त्यांना आग्रह नको. नावं गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाका, वांगी त्या हिशेबाने आणायची आहेत.