सगळीच ‘गारगोटी’ नव्हे

रविवारच्या पुरवणीतील अश्मयुगीन हत्यारांवरचा लेख आवडला; पण त्यात सगळ्याच दगडांना सरसकट ‘गारगोटी’ म्हटले आहे, ते खटकले. नेवाशाजवळ चिरकी येथे मिळालेल्या हातकुऱ्हाडी बेसॉल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला खडक) वर्गातल्या काळ्या दगडाच्या आहेत. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील बारीक पाती मात्र कॅल्सेडनी आणि जॅस्पर या दोन कठीण, गुळगुळीत फुटणाऱ्या दगडांची. हे दोन्ही उजेडात वेगळे ओळखता येतात. कॅल्सेडनीचा पातळ छिलका उन्हात धरला की कडेतून उजेड झिरपतो. जॅस्पर कितीही फिरवा, अंधारच. कॅल्सेडनी तयार होते बेसॉल्टच्याच पोकळ्यांत आणि पुढे नदीच्या गोट्यांत येऊन पडते. दगड नेमका ओळखला, तरच माणसे तो कुठून उचलत होती याचा माग लागतो. पुढील लेखात निदान छायाचित्राखाली तरी दगडाचे नाव द्यावे.

– एक वाचक, नाशिक