रविवारच्या वाचन-बैठकीची आठवण

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात जमायचं आहे. जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन' वाचून या. सगळी झाली नाही, तरी कॅप्टन वेंटवर्थच्या पत्रापर्यंत नक्की पोहोचा. लेखिका गेल्यावर, १८१७च्या अखेरीस आलेली ही कादंबरी. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांचं ऐकून नायिका ॲन वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडते आणि आठ वर्षांनी तोच माणूस पुन्हा समोर येतो. दुष्यंताला शकुंतला आठवत नाही, म्हणून अंगठी लागते. इथे दोघांनाही सगळं लख्ख आठवतं आणि तरी बोलता येत नाही! मला हेच दुःख जास्त खोल वाटतं. यावर निवांत बोलू.

माझी प्रत ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कृपया शुक्रवारपर्यंत पुढच्यांना द्या.