फंडपेटी वेगळी, सेवानिधी वेगळा

संपादक महोदय,

देवस्थानांशी किंवा ज्ञातिसंस्थांशी जोडलेल्या सेवा संस्था गोव्यात गावोगावी आहेत. त्यांच्या कार्यकारिणीवर निवड झाली की सत्कार होतो, पण संस्थेची घटना आणि मागच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब नव्या सदस्याच्या हाती क्वचितच पडतात. ते पहिल्याच बैठकीत मागून घ्यावेत. त्यात कोणाला संकोच वाटू नये.

सगळ्यात मोठा घोळ देवाच्या आणि सेवेच्या पैशांचा होतो. देवस्थान महाजनांचे, म्हणजे त्याच्या वंशपरंपरागत सदस्यांचे; ते माझानिया नियमांनी, म्हणजे गोव्यातील देवस्थानांच्या पोर्तुगीजकालीन नियमांनी चालते. सेवा संस्था बहुधा १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची. माणसे मात्र दोन्हीकडे तीच, म्हणून जत्रेच्या मंडपाचे बिल सेवा खात्यातून सहज भागवले जाते. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम धार्मिक कामावर खर्च केली तर ती मान्यताच धोक्यात येते. उलट बाजूने, सेवा संस्थेने ठेवलेल्या पेटीत पडलेले पैसे निनावी ठरतात आणि धर्मादाय संस्थेच्या निनावी देणग्यांवर ठराविक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर बसतो. तेव्हा बँक खाती दोन, पावतीपुस्तके दोन. पावतीवर नाव, पत्ता, पॅन हवाच. २००० रुपयांवरची देणगी रोखीने घेतली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगणे आपले कर्तव्य आहे. मदत फक्त आपल्याच समाजाला, असे घटनेत लिहिलेले असेल तर वेळीच कर सल्लागाराला दाखवावे.

परदेशातील गोंयकारांच्या देणग्यांबाबत तर फारच गैरसमज आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. पण पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला आपला सख्खा गाववालाही कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याच्याकडून चतुर्थीला १००० रुपयेही घेऊ नयेत.

रुग्णाला मदत करताना गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड आहे का ते प्रथम पाहावे. वृद्ध आणि विधवांसाठी दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज नीट भरून देणे हे एकदाच दिलेल्या ५ हजारांपेक्षा मोठे काम आहे. त्यानंतरही गरज उरली तर धनादेश थेट इस्पितळाच्या किंवा औषधालयाच्या नावाने काढावा. अर्जदार सदस्याचा नातेवाईक असेल तर त्या सदस्याने बैठकीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. खजिनदार गावाला जाणार म्हणून कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्याची पद्धत तर तात्काळ बंद व्हायला हवी. दोन सह्यांच्या नियमाला मग काही अर्थच उरत नाही.

वार्षिक सभेनंतर नव्या कार्यकारिणीची यादी १४ दिवसांत निबंधकांकडे जायला हवी. ती राहिली की जुन्याच नावांवर बँक अडून बसते आणि शिष्यवृत्तीचे धनादेश शाळा सुरू झाल्यावरही निघत नाहीत. येत्या सभेत देवस्थानाचा खजिनदार आणि सेवा संस्थेचा खजिनदार वेगवेगळा निवडावा, अशी सर्व महाजनांना कळकळीची विनंती.

— एक कार्यकारिणी सदस्य, फोंडा