एकच भाषा, एकच देश?

सोलापूर,
१४ जानेवारी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं दार-ए-सलामचं पत्र मिळालं. सव्वाशेच्या आसपास भाषा असलेला टांझानिया स्वाहिलीनं बांधला गेला, आपल्या पुढाऱ्यांनीही सत्तेचाळीस सालीच तेवढी हिंमत दाखवायला हवी होती, असं तू लिहितोस. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

तिथला सर्वांत मोठा समाज सुकुमांचा, पण राष्ट्रभाषा त्यांची झाली नाही. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे स्वतः झनाकी समाजाचे, त्यांनी आपलीही बोली पुढे केली नाही. स्वाहिली किनाऱ्यावरच्या व्यापाराबरोबर आत पसरलेली होती, तिच्यामुळे कुणा बलदंड शेजाऱ्याचं राज्य आल्यासारखं कुणाला वाटलं नाही. इंडोनेशियाचंही तसंच. डच अजून गादीवर असताना, २८ ऑक्टोबर १९२८ला तिथल्या तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि एका भाषेची शपथ घेतली. जावानीज बोलणारे सगळ्यांत जास्त, तरी निवडली मलयवर उभी असलेली भाषा. मोठ्या समाजानं दोन पावलं मागं घेतली म्हणून ते जमलं, माझं म्हणणं एवढंच आहे.

उलट पाकिस्तान बघ. निम्म्याहून जास्त प्रजा बंगाली बोलणारी, आणि मार्च १९४८मध्ये जिना ढाक्यात जाऊन सांगतात की राष्ट्रभाषा उर्दू आणि फक्त उर्दूच. २१ फेब्रुवारी १९५२ला तिथं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, १९७१ला देशच फुटला. भाषा हे एकच कारण नव्हतं, पण मनं पहिल्यांदा तिथंच दुरावली. श्रीलंकेनं १९५६मध्ये सिंहली हीच राजभाषा असा कायदा केला. तमिळांना आपल्याच देशात परकं वाटायला लागलं आणि पुढं १९८३ ते २००९ युद्ध.

आपल्याकडे नेहरूंनाही भीती होतीच. धर्मावरून फाळणी झालेली, त्यात भाषेवार राज्यं केली तर उरलेलं तरी टिकेल का? म्हणून ते टाळत राहिले. पोट्टी श्रीरामुलूंनी तेलुगू राज्यासाठीच्या उपोषणात प्राण सोडले तेव्हा कुठं १९५३ला आंध्र राज्य झालं. आपला महाराष्ट्र १९६०चा, तोही शंभराहून अधिक हुतात्मे देऊन. ती भीती मला समजते, पण ती खोटी ठरली. तेलुगू माणसाला त्याचं राज्य मिळालं म्हणून तो दिल्लीपासून तुटला नाही.

आणि आपलं सोलापूर! पूर्व भागात घराघरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात मराठी-हिंदी-दख्खनी सगळी सरमिसळ. सध्या गड्ड्याची यात्रा भरली आहे. ज्या सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज आपण नाचवतो, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. परवा १२ जानेवारीला हुतात्मा चौकात हार घालून आलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर उठलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १९३१च्या जानेवारीत येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. देश म्हणजे काय हे या गावाला कुठल्या सरकारी फर्मानानं शिकवलेलं नाही, म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तरी सगळं गोड आहे असं म्हणणार नाही. पंधरा ऑगस्टला आपल्याकडे तिरंगा चढला तेव्हा तासाभरावरचं नळदुर्ग अजून निजामाचं होतं. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा सोलापुराहूनच तिकडे निघाल्या, तेव्हा तिथल्या लोकांची सुटका झाली. पुढं १९६७मध्ये सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं अक्कलकोट कर्नाटकाला द्यायची शिफारस केली. ती अमलात आली नाही, आणि बेळगावचा वाद अजून कोर्टात आहे. राज्यं भाषेवार झाली हे योग्यच झालं. पण सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडे उपरं ठरवायचा हक्क त्यामुळे कुणाला मिळत नाही. सीमाभागातल्या मराठी शाळेसाठी आपण जेवढे तळमळतो तेवढंच अक्कलकोटच्या कन्नड शाळेसाठी तळमळायला हवं. हे इथं बोललं की काही मंडळी रागावतात. रागावू देत.

आता तू मला एक सांग. तिकडे प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत, ना? मग घरी सुकुमा बोलणारं खेड्यातलं पोर त्या वळणावर टिकतं का? शिक्षकांना विचारून लिही. मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना तिळगूळ.

तुझा,
श्रीकांत