मॅगझिनवाली बारा बोअर आणि शेताची राखण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरांचा विषय निघाला की हल्ली कोकणात एक मागणी ऐकू येते: दुनळीने भागत नाही, शेतकऱ्याला मॅगझिनची (काडतुसांची सुटी डबी खालून अडकवायची) सेमी-ऑटोमॅटिक (दर बारानंतर पुढचे काडतूस आपोआप आत घेणारी) बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, मिळाली पाहिजे. मोबाइलवरच्या व्हिडिओत ती पाच सेकंदांत पाच बार काढते, हे खरे. ज्या बारांना ती अडकली ते मात्र व्हिडिओत ठेवत नाहीत.

या जातीची सर्वांत नावाजलेली बंदूक म्हणजे रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्याची सायगा-१२. नव्वदच्या दशकात कलाश्निकोव्ह रायफलच्याच यंत्रणेवर ती बेतली गेली. तिची बहीण वेप्र-१२. अमेरिकेने २०१४ साली कलाश्निकोव्ह कंपनीवर आणि २०१७ साली वेप्र बनवणाऱ्या मोलोतवर निर्बंध घातले. तेव्हापासून तिथल्या दुकानांत तुर्कस्तानी बनावटीच्या बंदुका जास्त दिसतात.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. बाराचा काही वायू नळीतून वळवून बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे ढकलला जातो, त्यामुळे खांद्याला बसणारा दणका पसरट आणि सौम्य होतो. बंदुकीचे वजन साडेतीन किलोच्या पुढे असते, त्याचाही इथे फायदाच. नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसे भरायच्या बंदुकीत ती एकेक करून ढकलावी लागतात आणि काढतानाही एकेक काढावी लागतात. इथे मॅगझिन काढले की काम झाले. एका मॅगझिनमध्ये बारीक छर्रे, दुसऱ्यात एस.जी. (डुकरासाठीचे मोठे छर्रे) असे आधीच भरून ठेवता येते. सायगा हत्याराशिवाय सुटी होते, पुसायला सोपी. अमेरिकेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या घड्याळावरच्या स्पर्धा होतात. तिथे काडतुसे भरण्यात जाणारा प्रत्येक सेकंद मोजला जातो आणि या बंदुकीचे पैसे तिथेच वसूल होतात.

खोट बंदुकीत कमी आणि काडतुसात जास्त आहे. बारा बोअरचे काडतूस जन्माला आले ते नळी मोडून हाताने आत सरकवण्यासाठी. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते: कडेचा व्यास सुमारे साडेबावीस मिलिमीटर, अंगाचा साडेवीस. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असली पाहिजे. भरताना एखादे उलटे बसले की बोल्ट त्याला पुढे ढकलतो आणि खालची कड त्याला धरून ठेवते. झटका मारून हे सुटत नाही. मॅगझिन काढून, काडतुसे उपसून पुन्हा भरावी लागतात.

दुसरी गोष्ट, काडतुसाचे अंग प्लास्टिकचे, कुठे अजून कागदाचे. भरलेले मॅगझिन महिनोन्‌महिने तसेच ठेवले तर स्प्रिंगच्या दाबाने वरची एक-दोन काडतुसे चेपून लंबगोल होतात. गोल चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या जागेत) लंबगोल काडतूस पूर्ण बसत नाही, बोल्टला कुलूप लागत नाही आणि चाप ओढला तरी बार होत नाही. राखणीची बंदूक नेमकी अशीच असते: भरून ठेवलेली आणि क्वचित वापरात येणारी. त्यात कोकणचा पावसाळा. काडतुसाच्या बुडाची टोपी पुष्कळदा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते. तिला गंज धरला की रिकामे टरफल चेंबरला चिकटते. दुनळीत ते नखाने किंवा गजाने काढता येते, इथे बोल्ट अर्ध्यावर अडकून बसतो.

पाच काडतुसांचे मॅगझिन बंदुकीखाली वीतभर लोंबते. पालथे पडून किंवा बांधाला टेकून नेम धरताना ते जमिनीला टेकते. सायगाचे मॅगझिन पुढची खाच अडकवून मागे वळवत बसवायचे असते. बोल्ट पुढे असताना पूर्ण भरलेले मॅगझिन सहजी बसत नाही, कारण वरचे काडतूस बोल्टच्या पोटाला दाबून धरते. मग लोक एक काडतूस कमी भरतात. वेप्रमध्ये मॅगझिन सरळ वर जाते आणि शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे थांबतो, म्हणून ही कटकट बरीच कमी. पण एकीचे मॅगझिन दुसरीला चालत नाही, आणि निर्बंधांनंतर सुट्या भागांसाठी कुठे कुठे हात पसरायचे, हे विकत घेणाऱ्याने आधी ठरवावे.

वायूचे गणितही नाजूक आहे. सायगाच्या पुढच्या टोकाला दोन खुणांची कळ असते. एक म्हणजे जड काडतूस, दोन म्हणजे हलके. २८ ग्रॅम छऱ्याचे हलके काडतूस 'एक'वर ठेवून उडवले तर बोल्ट पुरता मागे येत नाही आणि टरफल बाहेर पडायच्या दारातच उभे अडकते. जड काडतूस 'दोन'वर उडवले तर बोल्ट मागच्या भिंतीवर आदळतो. हे लगेच दिसत नाही, पण बंदूक हळूहळू ठोकरली जाते. काही सायगांत नळीतली वायूची भोके कारखान्यातच कमी किंवा वाकडी पडलेली असत. त्या हलक्या काडतुसावर कधी धड चालल्याच नाहीत. भोके बरोबर असली तरी काजळी आणि वॅडचे (काडतुसात दारू आणि छऱ्यांमधल्या डट्ट्याचे) वितळलेले प्लास्टिक त्यांत बसते. पुढचे बूच फिरवून काढा, आतली छोटी चकती मोकळी सरकते का बघा, खरवडून पुसा, आणि तिथे तेल अगदी नावापुरते. तेल जास्त झाले की काजळीचा चिखल होतो. हे शंभरेक बारांनी करायचे काम पाचशेवर ढकलले की बूचच जाम होते.

सुरक्षेचे एक सांगायलाच हवे. मॅगझिन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नाही, चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेले असू शकते. आधी मॅगझिन, मग बोल्ट मागे, मग डोळ्याने आणि बोटाने तपासणी, याच क्रमाने. क्रम उलटा केला तर बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस आत ढकलतो. दुनळी मोडून खांद्यावर टाकली की वाटेत भेटणाऱ्यालाही दहा पावलांवरून कळते की बार भरलेला नाही.

आता राखणीचे बघू. रात्री बॅटरीच्या उजेडात कळप दिसतो तो पंचवीस-तीस मीटरवर. पहिल्या बारानंतर तो फुटतो. दुसरा बार कसाबसा नेमाने जातो, तिसरा आवाजाच्या दिशेने. एस.जी.चा छर्रा दोन-तीनशे मीटरवरही माणसाला जखमी करू शकतो, आणि पलीकडच्या मळ्यात दुसरा राखणदार बसलेला असतो. जुन्या दुनळीत दोन नळ्यांचे चोक (नळीच्या तोंडाचा आवळपणा) वेगळे, चाप वेगळे. एक बार फुसका गेला तरी दुसरा हाताशी, आणि जवळ कोणता उडवायचा, लांब कोणता, हे बोटाला पाठ. खडकीच्या कारखान्याचे शक्तिमान काडतूस तिच्यात हलके-जड न बघता चालते.

कायद्यातही ही मागणी बसत नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या वर्गात आहेत, साध्या एकनळी-दुनळी तिसऱ्या. जिल्ह्यातून मिळतो तो शेतीसंरक्षणाचा परवाना या साध्या बंदुकांसाठी. बाहेरही वारे उलटेच आहे. न्यूझीलंडने २०१९ मध्ये पाच काडतुसांपर्यंतची ट्यूबवाली सेमी-ऑटोमॅटिक चालू ठेवली, सुट्या मॅगझिनची बंद केली. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन परवान्यावर सुटे मॅगझिन चालतच नाही. शिवाय आपल्याकडे परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. डुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

मागायचेच असेल तर निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करण्याच्या हुकमाबद्दल मागा. विधानसभेचे मतदान २०१४ आणि २०१९ ला ऑक्टोबरमध्ये झाले, २०२४ ला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे भात पिकून कापणीला आले की बंदुका पोलीस ठाण्यात. कोणाची जमा करायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. शेतीसंरक्षणाचे परवाने तिने आचारसंहिता लागायच्या आधीच वेगळे काढून तपासावेत, आणि गुन्ह्याची नोंद नसलेल्या शेतकऱ्याची दुनळी निदान कापणी होईपर्यंत घरी राहू द्यावी.

कळावे,
आपले नम्र,
बारा बोअरची दुरुस्ती करणारे दोन वाचक, कुडाळ